बटण दाबून क्षणभर थांबा

६ जानेवारी

आमच्या बंधुराजांनी आज पुन्हा एकदा उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. मालकीणबाई समोर बसलेल्या, चहा अजून टेबलावर यायचा होता, आणि हा म्हणतो, "बाई, बटण दाबलं की आवाज तयार. डोळ्याचं पातं लवायच्या आत." मी टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला. त्याने पाय बाजूला घेतला आणि बोलणं चालूच ठेवलं.

मालकीणबाईंचा रेडिओ बनवण्याचा कारखाना आहे. क्रेनवरच्या लोकांसाठी हातात धरायचे रेडिओ. वर केबिनमध्ये क्रेनवाला, खाली जमिनीवर इशारे देणारा, आणि दोघांच्या मधे हा रेडिओ. बॅटरी वाचावी म्हणून तो एरवी झोपलेला असतो आणि बटण दाबलं की जागा होतो. जागा झाल्याबरोबर त्याच्या आतला ऑसिलेटर, म्हणजे लहरी काढणारा भाग, ठरलेल्या सुरावर यावा लागतो. त्याला हाताला धरून तिथवर आणायचं काम आमच्याकडे आलं आहे. आमच्याकडे म्हणजे टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत. जिन्यात कायम रबराचा वास, आणि दारावर दोघा भावांची नावं. माझं आधी.

या कामाला फेज लॉक्ड लूप म्हणतात. पूर्वी तो सुट्या भागांचा असे, आता निव्वळ आकड्यांचा आहे. तत्त्व शेंबड्या पोरालाही कळेल. एक क्रिस्टल असतो, तो चुकत नाही. एक ऑसिलेटर असतो, तो भरकटतो. लूप दर ठोक्याला बघतो की दोघांत अंतर किती पडलं, आणि तेवढं ऑसिलेटरला ओढतो. जोरात ओढलं, म्हणजे गेन जास्त ठेवला, तर तो पटकन जागेवर येतो, पण मग बाहेरच्या प्रत्येक खरखरीला दचकतो. हळू ओढलं तर वेळ लागतो, पण एकदा बसला की हलत नाही. वेग की स्थैर्य, एवढाच प्रश्न. माझं उत्तर पंचवीस वर्षांपूर्वी ठरलं. बंधुराजांचं उत्तर दर आठवड्याला ठरतं.

ही संध्याकाळी म्हणाली, दुसऱ्या गावच्या शाळेने तिला मुख्याध्यापिका म्हणून विचारलं आहे. फेब्रुवारीअखेर कळवायचं आहे. मी म्हटलं, बघू. फेब्रुवारी अजून लांब आहे.

११ जानेवारी

आजचा दिवस सोन्याचा.

बंधुराजांनी त्यांचा लूप चालवून दाखवला. खरंच झटकन लॉक झाला, नाही म्हणणार नाही. छाती फुगवून उभे होते. तेवढ्यात खालच्या दुकानात हवेचा कंप्रेसर सुरू झाला आणि पडद्यावरची रेघ अंगात आल्यासारखी घुमायला लागली. मी खुर्ची मागे घेतली आणि हाताची घडी घातली. कधी कधी गप्प बसण्यात जो आनंद असतो तो बोलण्यात नाही.

"म्हणून तर म्हणतोय दादा," तो म्हणाला, "दोन टप्पे करू. जागा होताना गेन जास्त ठेवू, झटकन ओढू. लॉक झाला की गेन कमी करू, मग तुझ्यासारखा स्थिर."

"आणि बदलताना?"

"बदलताना काय?"

"बदलताना जो झटका बसेल त्याचं काय? जो हात धरून आणतो तोच मधे सोडायचा, आणि म्हणायचं, आता आपला आपण चाल. पडेल तो."

"थोडा हलेल. सावरेल."

थोडा हलेल. सावरेल. या दोन वाक्यांवर त्याचा सगळा संसार चालला आहे. मी सांगितलं, दोन डगरींवर पाय ठेवणारा नदीत जातो, आपण हळूचाच लूप द्यायचा. पुस्तिकेत एक वाक्य घालू: बटण दाबून क्षणभर थांबा, मग बोला.

"दादा, क्रेनखालची माणसं पुस्तिका वाचतात असं वाटतं तुला?"

"वाचायला शिकतील."

तो खांदे उडवून खाली पान खायला जावं तसा टायरवाल्याशी गप्पा मारायला गेला. शेवटचा शब्द माझा असतो, हे त्याला लहानपणापासून माहीत आहे.

२० जानेवारी

हिने पुन्हा विषय काढला. भाजी निवडता निवडता म्हणाली, "शाळा मोठी आहे. राहायला खोली शोधावी लागेल. शनिवार-रविवार मी येईन, नाहीतर तू ये. तुला काय वाटतं?"

मी म्हटलं, सगळ्या बाजूंनी विचार करायला हवा.

"कर ना. मला एकच बाजू सांग, पण सांग."

बायकांना उत्तराची फार घाई. मी म्हटलं, विचार चालू आहे. तिने मान हलवली आणि निवडलेली भाजी पुन्हा निवडायला घेतली. म्हणजे समजली असावी.

२ फेब्रुवारी

माझा लूप बसला. पहिली खेप आम्ही पुन्हा लिहिता येणाऱ्या चिपवर करतो, म्हणजे चूक निघाली तर पुसून नवं भरता येतं. पण पुसायचं काही नाही. खालचा कंप्रेसर चालू होता, मी मुद्दाम शेजारी ड्रिलही लावलं. रेघ टाचणीसारखी उभी. बंधुराजांना बोलावून दाखवली.

"सुरेख आहे," तो म्हणाला. मग खिडकीकडे गेला आणि ती उघडली. बाहेरचा गारठा आत आला. "थंडीत बघितलंस? गारठ्यात ऑसिलेटर लांबून सुरू होईल. हळू ओढलास तर पोहोचायला वेळ लागेल बघ."

मी खिडकी लावून घेतली. सर्दी कोणाला हवी आहे?

त्याला माझ्या कामात खोट काढायची असते एवढंच. लांबून सुरू होईल, मान्य. थोडा जास्त वेळ लागेल. म्हणून तर ते वाक्य घातलं.

१३ फेब्रुवारी

आज बांधकामावर चाचणी होती. काय झालं ते नीट लिहून ठेवतो, कारण लोक आता वाट्टेल ते बोलतील.

सकाळी भयंकर थंडी. मालकीणबाई डोक्याला स्कार्फ गुंडाळून उभ्या. मी वर केबिनमध्ये क्रेनवाल्याच्या मागे बसलो, आवाज स्वतःच्या कानांनी ऐकायचा म्हणून. बंधुराज खाली राहिले, इशारे देणाऱ्याच्या शेजारी. त्या माणसाला सगळे भोंगा म्हणतात. आवाज तसाच आहे. त्याला रेडिओची गरजच काय, असं माझ्या मनात येऊन गेलं.

हुकाला सळ्यांची मोळी होती. ती एका बाजूला घेऊन खाली ठेवायची. सुरुवातीला सगळं ठीक. "डावीकडे." "अजून थोडं." मी ऐकत होतो, आवाज स्वच्छ, जराही खरखर नाही. मग बराच वेळ कोणी बोललं नाही. रेडिओ झोपला असणार. वरून माणसं बाटलीच्या बुचांएवढी दिसत होती. मोळीचं एक टोक कलायला लागलं होतं. ते मला दिसलं, पण अर्थ लागला नाही.

रेडिओतून आवाज आला, "सोडू."

क्रेनवाल्याने माल खाली सोडला.

खाली भोंग्याने म्हटलं होतं, "नको सोडू." त्याने बटण दाबलं आणि त्याच श्वासात ओरडला. पहिला शब्द गेलाच नाही. क्रेनवाला नंतर सांगत होता, "खालचा माणूस मला 'सोडू का' असं कशाला विचारेल साहेब? मला वाटलं 'सोड' म्हणतोय."

मोळी सुटली नाही, पण कललेलं टोक झोक्यासारखं आलं. धाकट्याने भोंग्याला छातीवर ढकललं. भोंगा मागच्या वाळूत पडला. धाकट्याच्या उजव्या हातावर टोक घासून गेलं. मनगटाच्या वरचं हाड मोडलं आहे. बाकी काही नाही.

मी त्या शिडीवरून कसा उतरलो ते लक्षात नाही.

आता महत्त्वाचं. पुस्तिकेत स्पष्ट लिहिलं आहे, बटण दाबून क्षणभर थांबा. भोंगा थांबला नाही.

१४ फेब्रुवारी

थांबला नाही.

१५ फेब्रुवारी

दवाखान्यात गेलो. प्लास्टर कोपरापर्यंत. डॉक्टर म्हणे सहा आठवडे. बंधुराज डाव्या हाताने सफरचंद खात होते आणि नर्सला हसवत होते. पलंगाजवळच्या खुर्चीवर ही बसली होती. माझ्याआधी कधी आली कोण जाणे.

मला वाटलं आता तो सुनवेल. तयारीने गेलो होतो, प्रत्येक वाक्याला उत्तर होतं. तो म्हणाला, "दादा, तुझं जेवण झालं का?" बस्स. त्याने टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. काही माणसांना साधं भांडताही येत नाही.

मग मालकीणबाई आल्या. त्या बसल्याच नाहीत.

"तुमचा आवाज छान होता," त्या मला म्हणाल्या. "असा स्वच्छ आवाज मी आजवर ऐकला नव्हता. पण माझ्या माणसाला भीती वाटली की तो बटण दाबतो आणि ओरडतो. तो क्षणभर थांबणार नाही. तुम्ही थांबाल का?"

मी म्हटलं, प्रशिक्षण देता येईल.

त्या मग धाकट्याकडे वळून म्हणाल्या, "महिनाभरात दुसरी चाचणी. नाहीतर मी दुसरीकडे बघते." सांगितलं त्याला. मला नाही. दारावरच्या पाटीवर माझं नाव आधी आहे, हे त्यांना दिसलं नसावं.

२१ फेब्रुवारी

दोन टप्प्यांचा लूप करतो आहोत. मला पटला म्हणून नव्हे. दुसरं काही दिलं तर बाई घेणार नाहीत, म्हणून.

बंधुराजांचा उजवा हात निकामी, म्हणून तो सांगतो आणि मी टाइप करतो. पंचवीस वर्षांचा अनुभव आणि हा धाकट्याचा कारकून. तो वाक्य संपायच्या आत पुढच्यावर उडी मारतो, मी म्हणतो थांब, तो म्हणतो तू लिही तर खरं. दुपारपर्यंत दोघांचे घसे बसले.

पण संध्याकाळी लॉक झाला. मी चिप मुद्दाम बर्फाच्या पिशवीवर ठेवून बघितली. जोराच्या टप्प्याने झटकन आणला, मग हळू टप्प्याने धरला. आणि बदलायच्या क्षणी कानात टक् असा आवाज झाला. मी म्हटलं होतं तेच.

"चालेल," बंधुराज म्हणाले. "एक टक्. कोणाला कळतंय?"

"खालचा कंप्रेसर चालू झाला त्याच क्षणी तो टक् झाला तर? लॉक सुटेल. पुन्हा पहिल्यापासून ओढायचं. पुन्हा शब्द जाईल."

तो गप्प झाला. त्याला गप्प करायला मी किती वर्षं थांबलो होतो. पण तो आपल्या प्लास्टरकडे बघत होता, त्यामुळे मजा आली नाही.

२५ फेब्रुवारी

सुटलं. आणि सोडवलं मी.

ओढण्याचे दोन भाग असतात. एक आत्ताच्या चुकीवर झटका देतो. दुसरा आजवरच्या चुका साठवून त्यांच्या बळावर धरून ठेवतो. गेन कमी केला की पहिल्याच्या हातातलं ओझं एकदम गळतं, तोच टक्. ते ओझं गळायच्या आत, त्याच ठोक्याला, दुसऱ्याच्या खांद्यावर टाकायचं. ऑसिलेटरला पत्ताही लागत नाही की धरणारा हात बदलला.

चार ओळी लिहिल्या. बर्फावर ठेवून बघितलं, कंप्रेसर चालू असताना बघितलं, ड्रिल लावून बघितलं. टक् नाही.

धाकटा उठून माझ्या पाठीवर डाव्या हाताने थाप मारायला लागला. "दादा, हे मला जन्मात सुचलं नसतं."

"नसतंच सुचलं," मी म्हटलं. त्याला घाई असते ना.

घरी येऊन हिला सांगितलं. सगळं ऐकून घेतलं तिने. मग म्हणाली, "चांगलं झालं. मी शाळेला होकार कळवला."

"कधी?"

"काल."

"अगं, फेब्रुवारी अजून संपायचा आहे. मी विचार करतच होतो."

"हो. मला माहीत आहे."

एवढा मोठा निर्णय आणि चार दिवस धीर धरवला नाही. मी तिला तसं म्हटलं. ती रागावली नाही. उलट अशा नजरेने बघितलं, जशी ती परीक्षेत कोरा कागद ठेवून गेलेल्या मुलाकडे बघत असेल.

२७ फेब्रुवारी

खोली कोणी शोधून दिली, तर बंधुराजांनी. प्लास्टर घालून हिच्याबरोबर बसने गेले आणि दिवसभर जिने चढले. मला आज कळलं, तेही बोलता बोलता.

"तू मला का नाही सांगितलंस?"

"तू विचारलं नाहीस दादा."

"तिला एकटीला तिकडे पाठवायला तुझं काय जातं?"

तो किबोर्डवर एका हाताने काहीतरी शोधत होता. वर न बघता म्हणाला, "वहिनी तुला काय वाटतं म्हणून विचारत होती. जाऊ का म्हणून नव्हे."

यात फरक काय, ते त्याने सांगितलं नाही. अर्धवट बोलायची त्याला सवय आहे.

९ मार्च

दुसरी चाचणी. पहाटेची वेळ, म्हणून थंडी तशीच.

मी वर गेलो नाही. भोंग्याच्या जागी मी उभा राहणार, असं सांगितलं. मालकीणबाईंनी भुवया उंचावल्या. धाकटा म्हणाला, "दादा, मी राहतो." मी त्याला हात दाखवून मागे पाठवलं. एका हाताचा माणूस तिथे काय कामाचा?

सळ्यांची मोळी डोक्यापासून जरा बाजूला, वर.  रेडिओ बराच वेळ तसाच ठेवला, नीट झोपू दिला. शेजारी वेल्डिंग चालू करायला लावलं. मग बटण दाबलं आणि त्याच श्वासात ओरडलो, "नको सोडू."

मोळी जागची हलली नाही. वरून आवाज आला, "नाही सोडत."

पुन्हा केलं. पुन्हा केलं. रेडिओ झोपवायचा, उठवायचा, ओरडायचं. शेवटी वरून क्रेनवाला वैतागून म्हणाला, "साहेब, ऐकलं. नाही सोडत. आता चहा प्यायला उतरू का?"

सगळे हसले. भोंगाही हसला. मग माझ्याजवळ येऊन, त्याच्या मानाने हळू, म्हणाला, "पहिल्या वेळीच असा दिला असता तर?"

 त्याला लूपमधलं काय कळतं?

रेडिओ परत देताना तो माझ्या हातातून लवकर सुटेना, एवढी बोटं आखडली होती. भोंग्याने एकेक बोट सोडवलं.

मालकीणबाईंनी काम पक्कं केलं. पुस्तिकेतलं ते वाक्य काढून टाका म्हणाल्या. काढलं.

१२ मार्च

ही आज गेली.

बसस्थानकावर पोहोचवायला मी एकटाच. दोन पिशव्या आणि एक पत्र्याची पेटी. पेटी टपावर चढवणाऱ्याने ती उलटी ठेवली, मी त्याला दोनदा सांगितलं, त्याने ऐकलं नाही. असल्या माणसांना कोण नोकरीवर ठेवतं?

तिने खिडकीची जागा धरली. मी खाली उभा.  ती म्हणाली, "गॅसचा नॉब घट्ट आहे, दाबून फिरव." मी हो म्हटलं. "झाडांना पाणी." हो म्हटलं. मग तिने पर्स मांडीवर घेतली आणि समोर बघायला लागली, जसं काम संपल्यावर माणूस बघतो तसं.

ड्रायव्हर चढला. बस थरथरायला लागली. मी काचेवर टकटक केलं. तिने काच सरकवली.

"शनिवारी येतो," मी म्हटलं.

हे मी ठरवलेलं नव्हतं. तोंडातून गेलं.

"कुठल्या शनिवारी?"

"ह्याच."

"आज गुरुवार आहे."

"माहीत आहे."

 मागच्या बाकावरचा एक माणूस मान लांब करून ऐकत होता, फुकटची करमणूक. लोकांना उद्योग नसतात.

"खोलीत एकच खुर्ची आहे," ती म्हणाली.

"मी उभा राहीन."

ती हसली की बसच्या धक्क्याने तोंड तसं झालं, ते मला नीट दिसलं नाही. काच मात्र तिने लावून घेतली नाही. बस फाटकातून वळेपर्यंत ती उघडीच होती.

तिथूनच तिकीटखिडकीवर गेलो. खिडकीवरच्याने विचारलं, "परतीचं कधीचं देऊ?"

मी म्हटलं, ते अजून ठरलेलं नाही, नुसतं जायचं द्या. खुळ्याकडे बघावं तसं त्याने माझ्याकडे बघितलं. काही न ठरवता प्रवासाला निघणाऱ्यांकडे मीही आजवर तसाच बघत आलो आहे, त्यामुळे त्याला बोल लावता येईना. तिकीट खिशात घालून घरी आलो.